टेलरमास्तरांनी दाबलेला समुद्र

टेलरमास्तरांचा टेप आजवर चुकला नव्हता, असं खुद्द टेलरमास्तर सांगत. त्यांच्याइतकं खात्रीलायक दुसरं कोण सांगणार! गिऱ्हाइकंही बिचारी श्वास रोखून त्यांचे कपडे घालत. कुरकुर एकट्या विहीणबाईंची. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मास्तरांनी त्यांना शिवून दिलेला कोट काखेत टरकला होता, तोही ऐन फोटोत! तेव्हापासून दर फोनवर त्या विचारत, "व्याहीबुवा, तुमच्या टेपचे इंच आखूड आहेत का हो?"

आता त्याच विहीणबाई समुद्रापलीकडून राहायला येणार होत्या. जावयांनी कळवलं, "तुमच्या घड्याळाने सकाळी सहाला विमान सुटेल, रात्री आठला पोचेल."

"चौदा तास?" मास्तर बायकोला म्हणाले. "अगं, हे कंपनीवाले हातचं राखून सांगतात. मी नाही का दोन तासांच्या शर्टाला आठवडा सांगत?"

दुकानात आरसा आणि ट्रायल रूमचा पडदा यांच्यामधल्या अरुंद भिंतीवर मास्तरांनी जगाचा नकाशा नेमका बसवला होता. त्यावर टेप ताणून त्यांनी दोन विमानतळांमधलं अंतर काढलं, विमानाच्या वेगाने भागलं. नऊ तास!

"तीनलाच उतरतील. मी दारात उभा असेन. मग विचारतो, कुणाचे इंच आखूड!"

"अहो, पण जावई सांगताहेत ना..."

"जावयांनी जन्मात एक बटण तरी लावलंय का?"

तीन वाजले. चार वाजले. मास्तर विमानतळावरच्या चौकशीच्या खिडकीवर आदळले.

"काका, विमान वेळेवर आहे," आतली मुलगी म्हणाली.

"मग दिसत का नाही?"

"कारण ते अजून समुद्रावर आहे!"

"मला समुद्र सांगू नका! मी मोजलाय तो!"

पाच वाजता मास्तरांची खात्री पटली, की ही माणसं काहीतरी लपवताहेत. त्यांनी जावयांना झोपेतून उठवलं. "जावईबापू, मन घट्ट करा. विमान काही आलेलं नाही." जावयांनी हंबरडा फोडून भावाला कळवलं, भावाने काकूंना. काकू कामाच्या बाई. त्यांनी तासाभरात श्रद्धांजलीचा फोटोसुद्धा निवडला. तोच, टरकलेल्या काखेचा!

आठ वाजता, अगदी ठोक्याला, विमान उतरलं आणि थोड्या वेळाने विहीणबाई बाहेर आल्या. हातात फोन.

"व्याहीबुवा, फोन चालू केला, तर पहिलाच निरोप, माझ्या आत्म्याला शांती लाभो म्हणून! आणि धाकटी जाऊ विचारतेय, अंगठी कुणाला द्यायची!"

मास्तरांनी त्यांची बॅग उचलली आणि थेट घर गाठलं. पण घरात शिरायचं म्हणजे दुकानातूनच. विहीणबाई नकाशापुढे थबकल्या.

"ही मधोमध चूण कसली?"

"ती होय... भिंत अरुंद पडली. म्हटलं, तिथे नुसता समुद्रच तर आहे. राहतंय कोण!"

विहीणबाईंनी चुणीला लावलेली टाचणी उपसली. फर्रकन समुद्र सुटला, तो आरसा झाकून थेट भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेला! मास्तरांच्या बायकोला नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात काम आठवलं.

विहीणबाईंनी शांतपणे बॅग उघडली, लग्नातला कोट काढला आणि मास्तरांच्या हातात दिला.

"आता यातही कुठे समुद्र दाबलाय का, तेवढं बघा."

मास्तरांनी कोट उलटा केला.

निघाला की! दोन्ही काखांत, चांगला बोटबोटभर.