लाव गा बोट!

आमच्या मोहल्ल्यात नामदेवभाऊंच्या छातीला बोट न लावलेला माणूस सापडायचा नाही. पोस्टमन लावून गेला, घरचा नवा जावई लावून गेला. सीताबर्डीच्या बसमध्ये कंडक्टरलाही त्यांनी सोडलं नाही. शर्टाची वरची बटनं सदा उघडी, आणि समोरच्याचा हात ओढून एकच घोषा, "लाव गा बोट! इथूनच घुसलं होतं दाभण. थेट काळजात!"

भाऊ मिरचीच्या गोदामात पोती शिवायचे. एकदा भिवापुरी मिरचीची थप्पी कोसळली, भरलं पोतं अंगावर आलं आणि वरच्या खिशातलं दाभण आत गेलं. त्या काळी काळजाचं ऑपरेशन म्हणजे पेपरात वाचायची गोष्ट. पण डॉक्टरांनी छाती उघडली, काळजाला टाके घातले आणि भाऊ वाचले. दुसऱ्या कुणी डॉक्टरांचे पाय धरले असते. भाऊंनी छातीवरची शिवण तपासली!

"टाके लय दूर दूर मारले गा डॉक्टरसाहेब. पोतं असं शिवलं असतं, तं सेठनं हाकललं असतं मले!"

तक्रार मात्र बायकोबद्दल. "सारं नागपूर बोट लावून गेलं, पण हे आमची पार्बती! एकदाबी नाही लावलं. नवऱ्याची कदरच नाही हिले."

भाऊंचा हात शर्टाकडे गेला, की वहिनी तरातरा आत जायच्या.

एका दुपारी त्या अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मी आगाऊपणा केला. "वहिनी, लावा की एकदा बोट! भाऊ खूश होतील."

"काय सांगू भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी तिथंच गोदामात देठ खुडून राहिली होती. सारे म्हणत, दाभण काढा, काढा! मले रक्त पाहवत नाही, म्हून मी काढूच देलं नाही. डॉक्टर म्हणे, बरं झालं, उपसलं असतं तं रिक्षातच गेले असते. साऱ्या रस्त्यानं मी दाभण धरून बसली. ह्यायचं काळीज उडे, तसं माह्या हातात दाभण हाले. अन् दवाखान्याच्या फाटकात हालायचं थांबलं. तवापासून तिथं बोट लावाचं भेव वाटते. पुन्हा थांबलं असलं तं?"

भाऊ दारात उभे होते. त्यांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी गळ्यापर्यंत सगळी बटनं लावली, वहिनींच्या शेजारी येऊन बसले आणि एक मिरची उचलून हळूच म्हणाले, "चालू हाय वं अजून."

"मालूम हाय मले," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "तुमी झोपले की रोज पाठीकून कान लावतो मी."