डॉक्टरांचा शिस्तीतला जाळ

दातांचे डॉक्टर निवृत्त होऊन डोंगराच्या पायथ्याशी राहायला आले, तेव्हापासून त्यांनी एकाच शत्रूशी उभा दावा मांडला होता: वाळका पालापाचोळा. उन्हाळा तोंडावर आलेला. एक ठिणगी पडली तर घर आणि वरचा सगळा उतार बघता बघता पेटेल, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. "बघच तू," ते बायकोला म्हणाले, "असा शिस्तीत जाळ करतो की धूरसुद्धा विचारून वर जाईल."

आणि तयारी तरी केवढी! घरालगतच्या फांद्या छाटल्या, छपरावरची पानं झाडली. उघड्या जागेत बेताचाच ढीग रचला आणि भोवतालचं गवत खरवडून मातीचं रुंद कडं काढलं. दाढ भरावी तितक्या निगुतीने. शेजारी फावडं, भिजवलेली पोती, पाण्याचं पिंप, बादल्या आणि ढिगापर्यंत बरोब्बर पुरेल एवढा पाइप. फाटकाबाहेरच्या गुडघाभर गवताचं काय, असं बायकोने विचारलं. ते उद्या, डॉक्टर म्हणाले. जाळ आत करायचा होता, बाहेर थोडाच!

वारा पडल्याची खात्री करून त्यांनी अग्निशमन केंद्राला कळवलं, शेजाऱ्यांना कळवलं. शेवटी, धूर दिसून ती घाबरायला नको म्हणून, पलीकडच्या गावातल्या थोरल्या बहिणीला फोन लावला. तिथे माशी शिंकली. फोन मध्येच तुटत होता. ताईच्या कानावर "आग", "घरामागे" आणि "काळजी करू नकोस" एवढंच पडलं. आता, काळजी करू नकोस हे ऐकून आजवर कोणाची काळजी थांबली आहे?

ताईने केंद्राला फोन केला. आम्हाला ठाऊक आहे, ते पाला जाळतायत, असं तिथला अधिकारी सांगायला लागला. सांगून लावली की आग गार असते का, म्हणून ताईने त्याला असा काही फैलावर घेतला की बंब निघालाच. मग तिने नवऱ्याला, म्हणजे डॉक्टरांच्या भाऊजींना, भरल्या ताटावरून उठवून गाडीत कोंबलं.

इकडे डॉक्टर काडी ओढणार, तोच फाटकाबाहेर गाडी करकचून थांबली. थांबली ती नेमकी गवतात. ताई वाऱ्यासारखी आत घुसली आणि पिंपातली बादली भरून तिने ढिगावर रिकामी केली. पाठोपाठ दुसरी. डॉक्टरांच्या अंगावरही निम्मी आली.

"अगं ताई, अजून पेटवलंच नाहीये!"

"मग हा धूर कसला?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. गाडीच्या पोटाखाली, तापलेल्या सायलेन्सरला टेकून, गवत धुमसत होतं.

भाऊजींनी जिवावर उदार होऊन गाडी बाहेर काढली, पण मोकळी हवा मिळताच गवताने भडका घेतला आणि जाळ सरसर उताराकडे सरकला. डॉक्टर पाइप घेऊन धावले. पाइप फाटकाच्या पुष्कळ अलीकडेच ताणून उभा राहिला, आणि त्यांना घेऊन मागे आला. बायकोने मात्र पोती उचलली. वरची बाजू आधी अडवायला हवी, हे तिने ओळखलं. ती आणि भाऊजी जाळ झोडपत सुटले, ताई बादल्या ओतत राहिली, आणि डॉक्टर जाळाच्या पुढे धावून वेड्यासारखे माती खरवडू लागले. भुवया होरपळल्या, चष्मा काळा झाला, तरी त्यांचं फावडं थांबेना. जाळ त्या मातीच्या पट्ट्याशी येऊन अडखळला, आणि तेवढ्यात बंब आला. उतार वाचला.

वर्दी कोणी दिली, बंबावरच्या अधिकाऱ्याने विचारलं. ताई पुढे झाली.

"बाई, आम्ही जरा उशिरा निघालो असतो, तर वरची दहा घरं गेली असती. तुमच्यासारखी प्रसंगावधानी माणसं हवीत."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. बायकोने नुसतं पाहिलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

पुढच्या रविवारी केंद्राने ताईचं भाषण ठेवलं. विषय होता, वणव्यापासून घर कसं वाचवावं. डॉक्टर पहिल्या रांगेत बसले होते, भुवयांविना.

"मी पोचले," ताईने सुरुवात केली, "तेव्हा आमचा हा काडी हातात धरून उभा होता."

आणि पंचाईत अशी, की यातला एक शब्दही खोटा नव्हता.