इतर सर्वांनी बांधावयाच्या बांधाची हकीकत

श्रीगजाननास नमन, वाग्देवीस नमन, आणि ऐकणारांच्या कानांस, ते कितीही जड असोत, तिसरे नमन. शके सोळाशे बावन्न, साधारण नाम संवत्सरी, वैशाख मासी एका राज्यात जे वर्तले ते यथास्थित लिहितो. राज्याचे नाव पुसू नये. पुसाल तर आपलेच वाटेल.

ते राज्यी नगराचे माथ्यावर थोर तलाव, आणि त्याचा मातीचा बांध जागोजागी खचलेला, आणि पाऊस महिन्यावर आला. मग महाराजांनी चिटणीस अंताजी त्रिमळ यांस आज्ञा केली की, 'सर्वांनी आठवड्यातून एक दिवस बांधावर माती टाकावी, ऐसे पत्र लिहिणे.' पंतांचे अक्षर मोत्यासारखे, परंतु ते दिवशी पुरणपोळीने डोळ्यांवर झापड आणिली, आणि हातून 'इतर सर्वांनी' ऐसे लिहिले गेले, आणि त्यावर शिक्का जाहला, आणि डांगोराही पिटला. नगरजनांनी ऐकिले, माना डोलाविल्या, आणि फार दिवसांनी शहाणा हुकूम निघाला म्हणत आपापले घरी गेले.

पंधरा दिवस लोटले, बांधावर टोपली नाही, माती नाही, माणूस तर नाहीच. मग पंतांनी नक्कल काढून वाचिली. त्यांचे घर बांधाचे ऐन पायथ्याशी. शब्द आपला चुकला, बुडणार सगळे, आणि सगळ्यांआधी आपण, ऐसे मनी येऊन ते धोतर सावरीत दरबारी गेले आणि म्हणाले, 'महाराज, लेखणी चुकली. "इतर" हा शब्द अधिक पडला.' महाराजांनी पत्र दोन वेळ वाचिले आणि पुसिले, 'चूक कोठे आहे? आम्ही का टोपल्या वाहाव्या?' सेनापती वदले, 'फौज वगळोन, हा अर्थ उघडच आहे.' शास्त्रीबोवा वदले, 'आम्ही पाऊस चांगला पडावा म्हणोन जपास बसलो आहोच.' तरी पंतांनी हट्टाने तो शब्द खोडिला आणि पुन्हा डांगोरा पिटविला, तेव्हा लोकांनी पहिल्यासारख्याच माना डोलाविल्या आणि पहिल्यासारखेच घरी गेले. मग पंतांस स्वतःची लाज वाटली, कारण 'सर्व' म्हणजे आपणही, हे पंधरा दिवसांत त्यांचे मनाला शिवले नव्हते.

दुसरे दिवशी पंत स्वतः टोपली घेऊन बांधावर गेले, आणि कुटुंब सगुणाबाई 'मोडून घ्या कंबर या वयात' म्हणत फावडे घेऊन मागोमाग गेली. बघ्यांची दाटी जाहली. राणोजी कुंभार कळवळून म्हणाला, 'पंत, काय गुन्हा घडला तुमच्या हातून?'

'काही नाही रे बाबा. माती टाकतोय.'

'आमच्यापासून काय लपवायचं? किती दिवसांची शिक्षा हाय?'

लोकांनी दया येऊन ताक आणोन दिले, टोपलीस कोणी हात लाविला नाही. चिटणीस माती वाहतो, तर हुकूम दरबारासही लागू आहे ऐसे लोक समजतील, म्हणोन महाराजांनी चिटणिशी काढोन घेतली. तरी उभयतां माती टाकीत राहिली, आणि पाऊस येईतो चार हात बांध पक्का जाहला.

मग पाऊस आला तो ऐसा की शास्त्रीबोवांस शालजोडी मिळाली. बांध फुटला, नगरात कमरभर पाणी शिरले, धान्य कुजले, पंतांचे घर चौकटीसुद्धा वाहून गेले, माणसे तेवढी वाचली. पाणी ओसरल्यावर पाहतात तो पंतांचा चार हात बांध जैसाचा तैसा उभा. मग लोकांनी त्यास शेंदूर फासिला, चिरेबंदी ओटा बांधिला, पुजारी बसविला, आणि घरटी एक माणूस आठवड्यातून एक दिवस, न चुकता, नारळ घेऊन येऊ लागला. सेनापती आले, महाराज अनवाणी आले. पंतांनी हात जोडोन सांगितले, 'नारळ राहू द्या. येताना एकेक टोपली माती आणा.'

पुजारी म्हणाला, 'माती नको, पंत. ओटा मळतो.'

तेव्हा पंत तेथेच बसले आणि सर्वांसमक्ष रडले, आणि लोकांनी त्यांची भक्ती थोर म्हणोन वाखाणिली.

सारांश, ते राज्यी राजा होता, हुकूम होता, श्रद्धाही उदंड होती. पाऊस पुन्हा महिन्यावर आला आहे, बांध फुटका तो फुटकाच आहे, आणि ओट्यावरच्या देवळास परवा कळस चढला.