दोन मीटरचे नाना

न्हाव्याच्या खुर्चीत टेकण्याआधी नाना विचारतात, “बसायचं किती आन् कापायचं किती?”

न्हावी नेहमीचा. तो म्हणतो, “नाना, कटिंगचा एकच रेट हाय.”

“आसं कसं? आत्ता उठला त्या पोराचं टोपलंभर क्यास निघालं. माझं मूठभर निघायची मारामार. दोघांला एकच रेट व्हय? खुर्चीचं भाडं सारखं घे, माझं काई म्हननं न्हाई. पर कात्री चालली तेवढ्याचंच घे.”

नानांच्या कानामागे जेवढे केस उरलेत त्याहून जास्त माझ्या भुवयांना असतील, त्यामुळे मुद्दा बिनतोड असतो. शेवटी न्हावी हात जोडतो आणि दाढी फुकटात करून देतो. “वसूल!” म्हणत नाना खुशीत घरी येतात.

नानांचं खरं नाव रावसाहेब. आमच्या नगर जिल्ह्यात माणूस पाळण्यातच साहेब होतो, तेव्हा नावावर जाऊ नका. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांना नंबर देण्यात गेली. राहुरीत त्यांच्या भिंतीला भिंत लावून माझं घर आणि पुढच्या खोलीत माझं झेरॉक्सचं दुकान. दुकानात मी लोकांची बिलंही ऑनलाइन भरून देतो. म्हणजे नानांच्या तावडीत मी घरीही सापडतो आणि धंद्यावरही.

नानांचा खरा वैरी म्हणजे विजेच्या बिलातला स्थिर आकार. तुम्ही बटण दाबा नाहीतर अंधारात बसा, हा द्यावाच लागतो. युनिटचा हिशेब त्याच्यापुढे. तुम्ही-आम्ही बिलाचा शेवटचा आकडा बघतो, कपाळाला हात लावतो आणि भरून मोकळे होतो. नाना स्थिर आकारालाच अडून बसतात.

“रफिक, आरं मी दिवा लावलाच न्हाई, तर हे कशाचं?”

“नाना, तार तुमच्या दारापर्यंत आणली त्याचं.”

“मंग डांबरी सडक दारापत्तुर आली म्हून घरात बसून एस्टीचं तिकीट काढू का?”

मी बिल भरून पावती पुढे करतो.

बिलातल्या स्थिर आकाराच्या या एका ओळीवरून नानांनी सगळ्या जगाची वाटणी करून टाकली आहे. लग्नातला आहेर म्हणजे स्थिर आकार आणि जेवण म्हणजे वापर. आहेर दिला की वापर झालाच पाहिजे, म्हणून नानी पलीकडच्या पंगतीतून डोळे वटारत असल्या तरी जिलेबीचं ताट नाना पुढे जाऊ देत नाहीत. जावई म्हणजे निव्वळ स्थिर आकार, वापर काहीच नाही, हे तर त्यांनी खुद्द जावयाच्या ताटात श्रीखंड वाढता वाढता सांगितलं होतं. एकदा आम्ही शनिशिंगणापूरला गेलो होतो. तिथल्या घरांना दारं नाहीत म्हणून लोक कौतुकानं बघत असतात. नाना एका घराच्या चौकटीतून आत डोकावले आणि हळहळत माघारी आले. “दार न्हाई, कडी न्हाई, कुलूप न्हाई. मीटर मातर हाय बघ रफिक!”

पाण्याची तऱ्हा नेमकी उलटी. नळपट्टी वर्षाची ठरलेली, मोजमाप काही नाही. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत नाना म्हणजे दानशूर कर्ण. नळ आला की आधी घरातली भांडी भरतात, मग अंगण भिजतं, मग रस्ता, मग माझी मोटरसायकल, मी तिच्यावर बसलेलो असलो तरी. वीज मात्र मोजून येते, म्हणून पेपर वाचायला खुर्ची रस्त्यावरच्या दिव्याखाली. मोबाईलवर हवं तेवढं बोलता येतं, म्हणून रिचार्जची मुदत संपत आली की ओळखीच्या प्रत्येकाला फोन. मध्ये फक्त एक भिंत असूनही मला फोन. “काई न्हाई रे, रिचार्ज संपाया आलंय. बोल कायतरी.”

आणि असा हा माणूस दर महिन्याला माझ्या दुकानात दोन बिलं घेऊन येतो. एक स्वतःचं. दुसरं त्यांच्या घराच्या बंद असलेल्या अर्ध्या भागाचं. त्यात युनिटच्या जागी भोपळा असतो आणि तरीही स्थिर आकार असतोच.

ते अर्धं घर भाऊसाहेबांचं, म्हणजे नानांच्या धाकट्या भावाचं. मी या गल्लीत येण्याआधीची गोष्ट, मला नानींनी सांगितलेली. तेव्हा घर एक होतं आणि मीटरही एक. भाऊसाहेबांनी फ्रिज आणला आणि बिल वाढलं. भाऊसाहेब म्हणाले, निम्मं निम्मं भरू. नाना म्हणाले, ज्याचा वापर त्याचं बिल, तुझ्या फ्रिजातल्या गार पाण्याला मी बोट तरी लावलंय का? शब्दानं शब्द वाढला. इरेला पेटून भाऊसाहेबांनी मध्ये भिंत घातली आणि आपलं मीटर वेगळं घेतलं. दोन मीटर म्हणजे दोन स्थिर आकार, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वर्ष सरायच्या आत भाऊसाहेब बायकोपोरांना घेऊन घोडेगावला निघून गेले. तिथल्या जनावरांच्या बाजारात त्यांचा टेम्पो चालतो. तेव्हापासून दोघा भावांमध्ये बोलणं नाही, येणंजाणं नाही.

मी म्हणायचो, “नाना, ते मीटर बंदच करून टाकू ना. अर्ज मी लिहितो.”

“तुझ्या बापाचं जातंय का?” विषय संपला. मग त्याच दमात दुसऱ्या बिलावरच्या स्थिर आकाराला शिव्या घालत नाना बंडीच्या खिशातून पैसे काढायचे. भरून झालं तरी हलायचे नाहीत. काउंटरला टेकून उभे.

“गेलं का?”

“गेलं.”

“आन् मेसेज?”

हे दर महिन्याचं. एकदा मीच म्हटलं, “नाना, मीटर भाऊसाहेबांच्या नावावर आहे, त्यामुळे पैसे भरल्याचा मेसेज त्यांच्या मोबाईलवर जातो. थांबा, तुमचा नंबर टाकतो. म्हणजे तुम्हालाच कळेल.”

माझा हात माउसवर होता. नानांनी काउंटरवरून वाकून माझं मनगटच धरलं. “नंबर बदलायचा न्हाई!” दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. नानांनी हात सोडला आणि आवाज खाली आणला. “आसूं दे त्याचाच. मेसेज गेला की त्याला कळतंय, दादा हाय म्हून.”

मी पावती काढायच्या निमित्तानं प्रिंटरकडे तोंड फिरवलं. पुन्हा मीटर बंद करायचं नाव मी काढलं नाही, आणि नानांनी स्थिर आकाराला शिव्या घालायचं सोडलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात नानांचं पाण्यातलं कर्णपण त्यांच्याच अंगाशी आलं. स्वतःच धुतलेल्या ओट्यावरून घसरले आणि पाय मोडला. नगरच्या दवाखान्यात नेलं, मांडीपासून प्लास्टर घातलं. तिथंही ते गप्प बसले नाहीत. “खाटंचं भाडं पुऱ्या रातीचं घेता, डासांनी निम्मी रात झोपू दिलं न्हाई त्येचं काय?” असं डॉक्टरांना विचारलं म्हणे. नानी हे सांगताना हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. या धावपळीत त्या महिन्याची दोन्ही बिलं भरायची राहून गेली. माझ्याही ध्यानात आलं नाही.

नानांना घरी आणल्यावर तीन-चार दिवसांनी, ऐन दुपारी दुकानासमोर एक टेम्पो थांबला. मागच्या फळीला शेण लागलेलं, हौद्यात कडबा सांडलेला. उतरलेल्या माणसाचं नाक थेट नानांचं, त्यामुळे ओळख विचारायची गरजच नव्हती. पाटीवरचं माझं नाव वाचून त्यांनी विचारलं,

“रफिकभाई ना? आमच्या दादाचं बिल तुमीच भरता नव्हं?”

“हो.”

“ह्या म्हैन्याला मेसेज आला न्हाई.” ते थांबले. टोपी काढून हातात घेतली. “तारीख उलटून गेली तरी आला न्हाई. घराकडंच चाललो हुतो, पर दारात गेलो आन् कुनी रडत आसलं तर... म्हून आधी तुमच्याकडं आलो. दादा हाय ना वो?”

“आहेत, आहेत,” मी म्हटलं. “पाय मोडलाय, पण जीभ शाबूत आहे.”

भाऊसाहेब हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही. मी दुकान तसंच उघडं टाकून त्यांना घेऊन शेजारी गेलो.

नाना बाजेवर आडवे होते, प्लास्टरचा पाय लांब पसरलेला. स्वयंपाकघरातून नानी आल्या, दिराला बघून दारातच थबकल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. मग नाना आढ्याकडे बघत म्हणाले, “कशाला आला?”

“मेसेज आला न्हाई.”

“मंग? लाइट कापतील म्हून भ्याला व्हय?”

“बिल काल मीच भरलं, घोडेगावात.” भाऊसाहेबांनी खिशातून मोबाईल काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत खिशात टाकला. “लगी मेसेजबी आला. पर मीच भरायचं आन् मलाच मेसेज, त्यो काय कामाचा, दादा?”

नाना कोपरावर रेटा देऊन उठायला लागले. मी पुढे झालो तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. मग प्लास्टरचा तो जड पाय दोन्ही हातांनी उचलला, कण्हत कण्हत भिंतीकडे सरकवला आणि बाजेच्या कडेला एका माणसापुरती जागा केली.

“उभा का मंग?” ते म्हणाले. “बस की.”