सासरेबुवांचा फ्लाइट मोड

विमान उडवणं म्हणजे असतं काय? रिमोटच्या दोन दांड्या हलवायच्या. मी जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्यांच्या कंपनीत रोज कामगारांची अख्खी पाळी हलवतो! हे मी माझ्या मुलीला, गंधालीला, शांतपणे समजावलं. विमान तिनं पावसाळाभर खपून बनवलेलं आणि सोमवारी कॉलेजची स्पर्धा. दिवाळीला जाफराबादजवळ माझ्या सासुरवाडीला आलोच होतो, तर सासरेबुवांपुढे एक चक्कर मी मारून दाखवणार, एवढंच माझं म्हणणं.

"बाबा, पडलं तर माझ्याकडे दुसरं नाहीये," ती म्हणाली. "आणि जवळ फोन नकोत. रिमोटमध्ये ढवळाढवळ करतात."

सोयाबीन काढलेल्या रानात सगळी गल्ली जमली. मी हुकूम सोडला, "सगळ्यांनी फोन फ्लाइट मोडवर टाका. विमानाचं चित्र असलेलं बटण."

शेजारच्या भिवानं विचारलं, "म्हंजे त्या बटनावरच इमान उडतंय काय?"

मला घाई होती. "हो, तसंच समजा."

सासरे रामराव स्वतः प्रत्येकाचा फोन तपासत फिरले. जावयाचा कोण तपासणार?

विमान काय सुरेख उठलं! कपाशीवरून वळून परत आलं, तेव्हा सासूबाईंनी त्याला हात जोडले. त्यातला थोडा नमस्कार मीही घेतला. तेवढ्यात माझ्या छातीशी काहीतरी थरथरलं आणि विमान तिरकं झालं. डावी दांडी हलवली, उजवी हलवली, काही उपयोग नाही. ते नाक खाली घालून थेट विहिरीकडे निघालं. गंधाली ओरडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. ते मला फार लागलं.

"एक फोन कमी पडून राह्यला रे," रामराव गरजले. "कोनाचा हाय?"

सगळ्यांनी आपापले फोन वर धरले. मग रामरावांची नजर माझ्या खिशाकडे गेली. खिशात कंपनीचे साहेब वाजत होते.

"पाव्हणे, तुमचावालाच चालू हाय की. मंग ते वर कसं राहील?"

त्यांनी फोन उपसला, बटण दाबलं आणि विमान सरळ झालं.

रिमोट गंधालीनं माझ्या हातून कधी ओढला ते कळलंच नाही. तिनं विमान अलगद खाली आणलं. चाकं मातीला टेकतात न टेकतात तोच रामराव म्हणाले, "काढा आता मोड, उतरू द्या त्याला." रानभर फोन किणकिणले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही रामरावांसाठी.

गंधाली आजोबांच्या गळ्यात पडून रडली. मी त्यांना लहरींचं शास्त्र सांगायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "पन तुमच्या फोनाबिगर उडत न्हवतं, हे बी खरं."

शास्त्र चुकलं असेल, पण हात बरोबर पडला होता. माझ्या पोरीची मेहनत या माणसानं वाचवली. एवढे उपकार तर त्यांनी मुलगी दिली तेव्हाही वाटले नव्हते! (हे बायकोला सांगू नका.) मी वाकून त्यांच्या पाया पडलो.

सासूबाई लगबगीनं पुढे आल्या. "अगं बाई, लगेच निघाले? भाऊबीजेपर्यंत राह्यचं म्हनले होते ना?"

"आजी," गंधाली डोळे पुसत म्हणाली, "थांबवू नकोस. जाऊ दे त्यांना."