किसनरावांचे तेलकट दप्तर

बाजारात भजी विकत घेऊन ती कुत्र्यापुढे टाकणारा आणि रिकामा कागद मात्र कपाळाला लावणारा मनुष्य आपण पाहिला नसेल. मी धाड गावच्या बाजारात दर आठवड्यास पाहत असे. ते आमचे शेजारी किसनराव. स्वतः वांगी-मेथी घेऊन बसत. पण गिऱ्हाइकापेक्षा त्यांची दृष्टी समोरच्या गफूर भजेवाल्याच्या रद्दीवर खिळलेली असे.

ती रद्दी साधी नव्हती. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतेच झाले होते. कोतवालांनी पिढ्यानपिढ्या लिहिलेली आसपासच्या खेड्यांची जन्ममृत्यूची पाने जागा अडवतात म्हणून कोणीतरी वजनावर विकली, आणि ती गफूरच्या पाटाशी आली. त्या पानांत माणसे जन्मत होती, तापाने आणि पटकीने मरत होती, आणि शेवटी मिरचीच्या भज्यांखाली विरघळत होती.

"किसनभाऊ, तुमी भजे खाता का कागद?" गफूर विचारी.

"कागद दे बे. भजे तूच खाय."

"सारा गठ्ठा तुमाले देल्ला, तं भजे काय लोकाइच्या तळहातावर देऊ?"

"केळीचे पानं आनून देतो."

"पानावरचं तं घरीच भेटते त्याइले. बाजारात कागदच पाह्यजे."

घरी किसनराव त्या पानांवर राख पसरून तेल टिपीत, मग ती दोरीवर वाळत घालीत. माझी संध्या आटोपली की हाक येई, "महाराज, हा पाह्या रोहिणखेडचा पिंजारी. हिरीत पडून मेला बिचारा." त्या दिवशी ते गोड खात नसत. एकदा उंद्रीच्या कोण्या बाईला जुळे झाल्याचे वाचून त्यांनी गल्लीत गूळ वाटला. ते जुळे एव्हाना आजोबा झाले असतील, असे मी नम्रपणे सुचवले.

"मंग काय झालं? मले तं आज समजलं!"

त्यांची पत्नी यमुनाबाई दारातून ओरडे, "घरात धुनं वाळाले दोरी नाही, आन् हे मुडदे वाळू घालून राह्यले!"

कष्ट मात्र व्यर्थ होते. राखेने तेल हटत नसे, शाई हटे. सकाळी वाचलेला मनुष्य सायंकाळी पुसून गेलेला असे. किसनराव कोरे झालेले पानही टाकीत नसत. "होता ना इथं कोनी," एवढेच म्हणत.

एका बाजारी गफूरने भजी वर्तमानपत्रात बांधून दिली. "सरली किसनभाऊ, तुमची रद्दी."

किसनराव मेथीच्या जुड्यांवरच बसले. गिऱ्हाईक ओरडले, तरी उठेनात. मी त्यांना हाताला धरून घरी आणले आणि विचारले, "इतकी वर्षे आपण नेमके काय शोधत होता?"

"पोरगी आमची. बारशाच्या आंधीच गेली, महाराज. कोतवालानं माह्या डोयादेखत लिवलं होतं. नाव नोतं, म्हून नुसतं 'मुलगी'."

नामकरणापूर्वी निवर्तलेल्या बालकासाठी शास्त्राने श्राद्ध सांगितलेले नाही. ते वचन मी जन्मभर इतरांना सांगत आलो. त्यांच्या ओसरीवर माझी जीभ उचलली नाही. त्या मुलीला जगात एकच ओळ मिळाली होती, आणि तीही कोणाच्या तरी भज्यांबरोबर गेली असावी.

"सापडलीच नाही?"

"मुली लय सापडल्या. पन बापाच्या नावावर तेल. आपली कोन्ती, कसं समजन?"

"मग?"

"मंग काय, साऱ्याच घरी आनल्या."

दारात उभी असलेली यमुनाबाई आत गेली. पेटीचे झाकण वाजले. परतली तेव्हा तिच्या हातांत जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेली पाने होती. दुपटे स्वच्छ होते. त्याच्या कडेचा टाका अन् टाका नवा दिसत होता. किसनराव तिच्याकडे पाहतच राहिले. त्या मुलींची ही पाने त्यांनीच पेटीत ठेवली होती, पण दुपट्यात गुंडाळली नव्हती.

तिने ते दोन्ही हातांनी, खालून आधार देत, माझ्यापुढे केले.

"दमानं धरा, महाराज," ती म्हणाली.