दिगूकाकांनी केलेली जागा

आमच्या नल्लकुंट्याच्या गल्लीत कुणी दिगूकाकांच्या फाटकासमोर गाडी लावली, तर काका ओरडत नाहीत, चाकातली हवा सोडत नाहीत, काचेवर चिठ्ठीही अडकवत नाहीत. ते घरातून वेताची खुर्ची आणतात, त्या गाडीच्या नाकासमोर मांडतात आणि पेपर उघडून बसतात. गाडीवाला येतो. हॉर्न वाजवतो. काका पान उलटतात. शेवटी तो उतरून म्हणतो, "अंकल, जरा हटते क्या?" मग काका चष्म्यावरून बघतात. "हटतो की. जल्दी कायकू?"

त्यानंतर त्या बापड्याला गाव, आडनाव, घरी कोण कोण, सासुरवाडी कुठली, हे सगळं सांगितल्याशिवाय सुटका नसते. काका मराठीत विचारतात, तो तेलुगूत किंवा उर्दूत उत्तर देतो, आणि दोघांचं छान जमतं. असे पकडलेले दोघं-तिघं आता दिवाळीला फराळाला येतात.

गंमत म्हणजे काकांकडे गाडी नाही. स्कूटर होती, ती मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर विकली. फाटकातून आत यायला एका गाडीपुरता रस्ता आहे, त्यावर माझी गाडी उभी असते. मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. नोकरीसाठी पुण्याहून आलो तेव्हा घराचे नियम विचारले, तर म्हणाले, "तुम्ही पुण्याचे ना? मग नियम तुम्हीच सांगा, आम्ही पाळतो."

काकांचं घराणं मूळचं परभणीकडचं. आजोबा हैदराबादला आले ते इथलेच झाले. त्यामुळे काकांच्या मराठीत 'हो'चा 'हौ' होतो आणि 'नको'तल्या 'क'वर सगळा जोर येतो. सुरुवातीला त्यांचं "नक्को" ऐकलं की मला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं.

पाणीपुरवठ्याच्या खात्यात ते जन्मभर नकाशे काढत होते. कुठलीही गोष्ट आधी आखायची आणि मगच करायची, हा शिरस्ता. गणपतीची आरास असो की गच्चीवर वाळत घातलेले पापड, काकांच्या आखणीबाहेर काही जात नाही.

संक्रांत होऊन गेली होती. एका सकाळी ऑफिसला निघालो, तर अंगणात चुन्याच्या फक्कीने एक मोटार आखलेली. खऱ्या मापाची. चाकं, दारं, आरसेसुद्धा. त्या मोटारीच्या पोटात काकूंचा मोगरा, कर्दळी आणि कपडे धुवायचा दगड आला होता.

"काका, गाडी घेताय?"

"नक्को हो. या वयात गाडी? मी फक्त जागा घेतोय."

"कुणासाठी?"

"गाडीसाठी," काका म्हणाले, आणि टेप गुंडाळत आत गेले.

त्या संध्याकाळी तर कमालच झाली. फक्कीच्या मोटारीत त्यांनी घरातल्या खुर्च्या मांडल्या आणि ड्रायव्हरच्या खुर्चीत काकूंना बसवलं. "हां, आता दार उघड. पूर्ण उघड. हात भिंतीला लागला? नाही ना? आता उतर. साडी अडकली असं समज." काकू नसलेलं दार उघडून उतरत होत्या, परत बसत होत्या. फाटकाबाहेर भाजीवाली थांबून बघत होती.

"अंकल, कार कोन्नारा?" तिने तेलुगूत विचारलं. गाडी घेतली का?

"लेदम्मा," काका म्हणाले. नाही गं बाई. आणि काकूंकडे वळले. "आता हातात पिशवी आहे असं समज."

काकू म्हणाल्या, "मी आता पोळ्या करायच्या आहेत असं समजते," आणि आत गेल्या.

मला मात्र टोचत होतं. आवारात गाडी लावायची एकमेव जागा माझ्या गाडीने अडवलेली. मी काकांना म्हटलं, "माझी गाडी मी कोपऱ्यावरच्या मैदानापाशी लावत जाईन. तुम्ही कशाला अंगण मोडताय?" काका पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "दिलेली जागा परत घेत नसतात. तुम्ही असे बोलू नका, मला लाज वाटते."

मग मेस्त्री आला. अंगण उकरलं गेलं, फाटक रुंद झालं, एका बाजूची भिंत मागे सरली. तांडूरची खरबरीत फरशी आली, कारण गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. उतार काकांनी तीनदा काढून पुन्हा करायला लावला. मेस्त्री वैतागला तेव्हा म्हणाले, "अरे बाबा, मी आयुष्यभर पाण्याचीच नोकरी केली. ते माझ्याच दारात तुंबलं तर लोक काय म्हणतील?"

मोगरा उपटायच्या दिवशी काकू वर आल्या. त्यांनी झाडं कुंड्यांत लावली होती. त्या आमच्या गॅलरीत ठेवू का, म्हणून विचारायला आल्या होत्या. मी कुंड्या वर आणल्या. काकू पायरीवर टेकल्या, बोटांची माती पुसत राहिल्या.

"वाईट वाटतंय ना?" मी म्हटलं.

"मोगऱ्याचं काय, तो कुठंही लागतो," काकू म्हणाल्या. "अंजलीसाठी करतायत हे."

अंजली म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन गच्चीबावलीकडे राहते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. अधूनमधून रविवारी यायची, गाडी गल्लीत लावायची आणि दार उघडं ठेवून कडेला बसायची. बाहेर हॉर्न वाजला की उठायची.

"मागच्या खेपेला एकटीच आली," काकू सांगू लागल्या. "जावयाचं नि तिचं काहीतरी चाललंय, हे आम्हाला दिसत होतं. पण ती काही बोलत नव्हती. त्या दिवशी यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, 'बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय.' पोरीचे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात बाहेर पाण्याचा टँकर अडकला. हॉर्नवर हॉर्न. तिनं डोळे पुसले, किल्ली घेतली, गाडी काढायला गेली, ती तिथूनच हात करून निघून गेली. नंतर फोन केला, तर म्हणते, 'काही नाही बाबा, सगळं बरं आहे.'"

काकूंनी कुंडीतलं एक सुकलेलं पान खुडलं.

"हे फाटकाशी उभेच होते. जेवायला बोलावलं तरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन अंगणात."

"अंजलीला सांगितलंत, जागा करतोय म्हणून?"

"नाही सांगू देत. म्हणतात, सांगितलं तर तिला वाटेल आपण वाट बघतोय."

"पण बघताच आहात ना?"

"हौ. पण ते तिला ओझं व्हायला नको."

जागा तयार झाली आणि रिकामीच राहिली. अंजलीचं ऑफिस, अंजलीची सर्दी, अंजलीची मीटिंग. काका रोज सकाळी ती फरशी झाडायचे, पानं वेचायचे. समोरच्यांनी पाहुण्यांची गाडी लावू का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नक्को, तिथं गाडी आहे." समोरचे रिकाम्या फरशीकडे बघत राहिले. गल्लीत थोडी कुजबुजही झाली, की काकांचं जरा काहीतरी बिघडलंय. मलाही त्या जागेकडे बघवेनासं झालं होतं.

आणि एका रविवारी, उन्हं चांगली वर आल्यावर, गल्लीच्या तोंडाशी तिची गाडी दिसली. मी गॅलरीत मोगऱ्याला पाणी घालत होतो. काकांनी फाटक सताड उघडलं. अंजलीने काच खाली करून विचारलं, "बाबा, हे काय? झाडं कुठं गेली?"

"झाडं वर गेली. तू आत ये. आने दो, आने दो... डावीकडे घे... बस."

गाडी आत येऊन उभी राहिली. काकांनी फाटक लावून घेतलं. इंजिन बंद झालं, पण अंजली उतरली नाही. स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसली. काका क्षणभर घुटमळले. मग पलीकडच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. दार अलगद ओढून घेतलं.

मला बाजारात जायचं होतं. माझी गाडी त्यांच्या शेजारीच होती. जिन्यातून अर्ध्यावर उतरलो, तेव्हा काचेतून दोघं दिसली. अंजली बोलत होती. काका ऐकत होते. मी मागे फिरलो, किल्ली खिळ्याला अडकवली, पिशवी घेतली आणि चालत गेलो.

भाजी घेऊन परत आलो, तरी ती दोघं गाडीतच होती. अंजली रडून झाल्यासारखी दिसत होती, आणि अजून बोलत होती. काकू घराच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी चहाचा ट्रे, चहावर साय धरलेली.

"काकू, चहा गार झाला," मी हळूच म्हटलं.

"होऊ दे," काकू म्हणाल्या. "पुन्हा टाकते."